आत घेतलेला श्वास

१

जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं मी साक्षी उतरवून घेतल्या. साक्षीदार ‘मला वाटलं’ म्हणाला की न्यायाधीश त्याला थांबवायचे. वाटलं ते नको, काय घडलं ते सांगा. हे लिहिताना मीही तेच धोरण ठेवलं आहे. जिथं मला नुसतं वाटलं, तिथं तसं म्हटलं आहे.

माझं नाव शेषगिरी. वय बासष्ट. धारवाडला मळमड्डीत वडिलांनी बांधलेल्या घरात मी आणि माझी थोरली बहीण अंबूताई राहत होतो. तिला मी अक्का म्हणतो. लग्नानंतर सहाच वर्षांत तिचे यजमान गेले. ती माहेरी आली, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. मी लग्न केलं नाही. चाळीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर बोलण्यासारखं फार उरत नाही. तिच्या खोकण्यावरून मला ती कुठल्या खोलीत आहे ते कळायचं.

तो खोकला गेल्या दिवाळीनंतर थांबेना. जानेवारीत एक्स-रे काढला. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग निघाला. धारवाडच्या डॉक्टरांना क्षय वाटला, पण थुंकीत जंतू सापडले नाहीत. मग सीटी स्कॅन झाला. डाग बावीस मिलिमीटरचा आहे, जुना व्रण असू शकेल, गाठही असू शकेल, असं त्यात लिहून आलं. हुबळीला डॉक्टर प्रभंजन यांच्याकडं गेलो. त्यांनी नाकावाटे नळी घालून आतला तुकडा काढला आणि आठ दिवसांनी त्याचा रिपोर्ट आला. नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा.

तो कागद हातात पडला तेव्हा अक्कानं दवाखान्याच्या पायऱ्यांवरच माझ्याकडून वचन घेतलं.

“जे लिहिलंय तेच मला वाचून दाखवायचं, शेषू. एक अक्षर गाळायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोललास तर मला कळेल.”

मी हो म्हणालो. ते मला अवघड नव्हतं. नोकरीच ती होती.

२

दुसऱ्यांदा तुकडा काढला तो बरगड्यांमधून सुई घालून. त्यानंतर डॉक्टरांनी श्वासाचा व्यायाम करायला एक यंत्र दिलं. पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात सुपारीहून थोडा मोठा एक हलका चेंडू. खाली लवचीक नळी. ती तोंडात धरून श्वास आत ओढायचा, म्हणजे चेंडू वर उचलले जातात. फुंकून काही होत नाही, फक्त आत ओढल्यावरच. सकाळी दहाला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी सहाला, दर वेळी दहा श्वास.

अक्का मधल्या खोलीत खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून हे करायची. मी बाहेर जाळीच्या व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचो. पहिला चेंडू वर जाऊन टक् व्हायचा. दुसरा अर्ध्यावर थरथरून खाली यायचा. तिसरा जागचा हलायचा नाही. मी आवाज मोजायचो आणि वहीत लिहायचो: पहिला दहा वेळा, दुसरा शून्य.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी तीनला सलग तीन वेळा टक् झालं. तिन्ही चेंडू वर पोचले होते. थोड्या वेळानं तिन्ही एकदम खाली पडल्याचा आवाज आला. पुन्हा तसंच. मी पेपर खाली ठेवला. चार महिन्यांत मला पहिल्यांदाच हलकं वाटलं. तिला शाबासकी द्यावी म्हणून आत गेलो.

अक्का पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपली होती. यंत्र खुर्चीशेजारच्या स्टुलावर होतं आणि त्याची नळी खाली लोंबत होती. चेंडू तळाशी होते.

मी परत येऊन बसलो. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, असं म्हटलं. मग आठवलं, दुपारी आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा येत नाही. दुसऱ्या दिवशी अक्का अंघोळीला गेलेली असताना मी यंत्र हलवून पाहिलं, पंख्याखाली धरलं, स्टुलाला धक्के दिले. चेंडू जागचे थोडे थरथरले, वर मात्र गेले नाहीत. नळीतून मी स्वतः श्वास ओढला. जोर लावून दोन गेले. तिसरा अर्ध्यावर आला.

वहीत मंगळवारच्या दुपारपुढं मी काही लिहिलं नाही.

३

दुसऱ्या तपासणीचा निकाल घ्यायला आम्ही दोघं हुबळीला गेलो. डॉक्टर प्रभंजन चाळिशीचे, शांत स्वभावाचे. त्यांनी कागद आमच्याकडं वळवला आणि बोटानं ओळ दाखवली. काही पेशी नेहमीसारख्या नव्हत्या. त्या कर्करोगाच्या आहेत असं म्हणता येत नव्हतं, नाहीत असंही म्हणता येत नव्हतं. नमुना बेंगळूरला पाठवून विशेष रंग लावून तपासायचा, त्याला दहा-बारा दिवस लागतील, असं ते म्हणाले. अक्कानं त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. मुलींच्या शाळेत तिच्या हाताखाली हजारभर पोरी शिकल्या होत्या. गप्प कसं बसायचं ते तिला येत होतं.

चिगरी बसमधून परत येताना नवनगर मागं पडल्यावर ती बोलली.

“आहे म्हणाले का?”

“नाही.”

“नाही आहे म्हणाले?”

“तेही नाही.”

“मग काय म्हणाले?”

“थांबा म्हणाले.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. “इरली बिडु,” असं कन्नडमध्ये म्हणाली, राहू दे म्हणून. जरा वेळानं तिनं सांगितलं की रात्री झोप येत नाही, दुपारी मात्र छान लागते. दुपारी तिला एकटं वाटत नाही. मला वाटलं, दिवसा उजेड असतो म्हणून असेल.

४

तीन दिवसांनी, शुक्रवारी, मी पावणेतीनला मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. असा चोरून उभा राहण्याचा माझा स्वभाव नाही. पण व्हरांड्यातून नुसते आवाज ऐकून लिहीत राहणं मला जमेना.

अक्का झोपली होती. खिडकी बंद, पंखा बंद. तिला पंख्याच्या वाऱ्यानं खोकला येतो. देवाच्या फळीवर तिनं लावलेली उदबत्ती संपत आली होती. धूर वीतभर सरळ वर जात होता आणि मग आडवा वळून खोलीच्या पलीकडं, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं चालला होता. दोरीसारखा. खुर्चीच्या पाठीशी, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, तो संपत होता.

मग मी श्वास ऐकला. लांब, आत घेतलेला. नाकानं घेतलेला नव्हता, तोंडानं घेतलेला होता, आणि त्यात घरघर नव्हती. अक्काच्या श्वासात तेव्हा सतत घरघर असायची. स्टुलावरचे चेंडू एकापाठोपाठ एक वर गेले आणि वरच राहिले. नळी खालीच लोंबत होती.

श्वास बाहेर येईल म्हणून मी थांबलो. माणूस श्वास घेतो तसा सोडतोही. मी मनात मोजायला सुरुवात केली. शंभर झाले, दीडशे झाले. चेंडू वरच होते आणि आत घेणं चालूच होतं, थोडंही न थांबता. दोनशे दहाला अक्का झोपेत खोकली. चेंडू खाली पडले. धूर सरळ झाला.

सोडलेला श्वास मला ऐकू आला नाही. तो झालाच नाही, असं मी म्हणू शकतो.

मी यंत्र उचललं, स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. अक्काला सांगितलं की नळीला चीर गेली आहे, दुसरी आणू. त्यानंतर दुपारी टक् असा आवाज कधी आला नाही. श्वासाचा मात्र येत राहिला. चेंडू होते तोवर मला निदान काहीतरी मोजता येत होतं.

५

कृष्णाबाई आमच्याकडं बारा वर्षं केर-फरशी करत होती. सोमवारी ती मधल्या खोलीतून केरसुणी घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, “अण्णा, पंखा त्या खुर्चीकडं वळवलाय काय? सगळा धुरळा तिथंच जाऊन बसतोय. दोनदा काढला.”

पंखा छताचा होता. ती सूपभर धूळ परसात टाकून आली आणि भांड्यांना बसली. तिला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. केर जास्त निघतो एवढीच तिची तक्रार होती.

त्याच दिवशी दुपारचा चहा घेताना मी अक्काला म्हणालो की तुझा पलंग माझ्या खोलीत हलवू, तिथं ऊन कमी येतं. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

“इथं मला झोप लागते, शेषू. तू दुपारी खुर्चीत येऊन बसतोस ना, त्यामुळं.”

मी खुर्चीकडं पाहिलं.

“मी भिंतीकडं तोंड करते, पण मला कळतं. तुझा श्वास ऐकू येतो. तुझ्याबरोबर मीही घेते. लांब घेतोस तू, माझ्याच्यानं तेवढा होत नाही. पण बरं वाटतं. बेंगळूरचं काय येईल ते डोक्यात येत नाही.” मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “तूच असतोस ना?”

त्या महिनाभरात मी तिच्यासमोर प्रत्येक कागद शब्दन् शब्द वाचला होता. ‘नाकारता येत नाही’ हे शब्दही मी स्वच्छ आवाजात वाचले होते. आताही खरं सांगता आलं असतं. खुर्चीत कुणी नसतं, असं म्हणायचं होतं फक्त. तिचं वजन सात किलोनं उतरलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या.

“हो,” मी म्हणालो. “मीच असतो.”

तिनं मान हलवली आणि उरलेला चहा प्यायली.

६

असं म्हटल्यावर तिथं बसणं भाग होतं. ती कधीही कूस बदलून बघेल आणि खुर्ची रिकामी दिसेल, हे मला नको होतं. मंगळवारी तीन वाजता मी वेताच्या खुर्चीत जाऊन बसलो. अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मला वाटलं, जागा भरली की प्रश्न मिटला. बुधवारीही काही ऐकू आलं नाही. गुरुवारी मी पेपरसुद्धा बरोबर नेला.

समोर भिंतीला काचेच्या दारांचं कपाट आहे. त्यात तिला शाळेतून मिळालेली पुस्तकं आणि एक चांदीचा मुलामा दिलेली सरस्वती आहे. दुपारी खिडकीतला उजेड त्या काचेवर पडतो आणि अख्खी खोली तिच्यात दिसते.

गुरुवारी मी बसलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. श्वासाचा आवाज आला. अगदी जवळून आला, म्हणून मी मान न हलवता फक्त डोळे फिरवले. खिडकी बंद होती. दाराशी कुणी नव्हतं. आवाज चालूच होता, आत, आत, आत. मी काचेत पाहिलं.

काचेत पलंग दिसत होता. अक्का आता खुर्चीकडं तोंड करून वळलेली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि गाल आत गेले होते. तिच्या पदराचं टोक पलंगावरून उचललं गेलं होतं. ते खोलीच्या मध्यावर, खुर्चीच्या दिशेनं ताठ उभं होतं, कुणीतरी धरून ओढावं तसं. आणि खुर्चीत एक माणूस बसला होता. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तोंड उघडं होतं, जबडा छातीला लागेल इतकं. तो माणूस मीच होतो. मी तोंड मिटून बसलो आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

आवाज माझ्या तोंडातून येत होता.

मी तोंड मिटायचा प्रयत्न केला. ते लगेच मिटलं नाही. श्वास सोडायचा प्रयत्न केला. सोडायला काही नव्हतं, नुसतं आत येणं होतं, थंड, सरळ. त्याला औषधी बामाचा वास होता. अक्का छातीला बाम लावते. शेवटी मी खुर्चीसकट एका अंगावर पडलो. पडताना काय दिसलं ते सांगता येणार नाही. काचेतला माणूस माझ्याबरोबर पडला नाही, असं मला वाटलं. नुसतं वाटलं.

पदर खाली पडला. अक्कानं हिसका देऊन श्वास घेतला आणि उठून बसली. तिचे ओठ निळसर झाले होते. घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

“खुर्चीचा पाय सरकला,” मी म्हणालो. हे तिसरं खोटं.

पावणेपाचला आम्ही घराला कुलूप लावून रिक्षात बसलो होतो. हुबळीला कमरीपेठेत आमची मामेबहीण जयलक्ष्मी राहते. तिला फोनवर सांगितलं, दवाखाना जवळ पडेल म्हणून काही दिवस येतोय. ती म्हणाली, या की, विचारता काय.

७

जयलक्ष्मीच्या माडीवर दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला एक अरुंद गॅलरी आहे. खाली शिलाई यंत्रं दुरुस्त करणारा बसतो, दिवसभर त्याची खडखड चालते. अक्काला आतली खोली दिली. मी गॅलरीत बाकड्यावर बसायचो, तिथंच झोपायचो. आत गुदमरतं, असं सांगितलं. कुणी आग्रह धरला नाही.

बेंगळूरचा निकाल पाचव्या दिवशी आला. डॉक्टर प्रभंजन यांनी फोन करून बोलावलं. कर्करोग होता. लवकर सापडला होता, बाहेर पसरलेला नव्हता आणि काढता येण्यासारखा होता. मी कागद वाचून दाखवला तेव्हा अक्कानं मोठा उसासा टाकला. सोडलेला श्वास ऐकून मला इतकं बरं वाटेल, असं पूर्वी कधी वाटलं नसतं. “नाव तरी मिळालं,” ती म्हणाली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. ती वीस दिवस दवाखान्यात होती, नंतर कमरीपेठेतच आली. हळूहळू जिना चढू लागली. जयलक्ष्मीच्या भाकऱ्या थापू लागली. खोकला थांबला. मळमड्डीचा विषय ती काढायची आणि मी काहीतरी सांगून टाळायचो.

परवा पहिला तपासणीचा स्कॅन झाला. या वेळी रिपोर्ट अक्कानं माझ्या हातातून घेतला आणि रिक्षात स्वतः वाचला. जिथं कापलं तिथं चार मिलिमीटरचा नवा ठिपका दिसतो. जखम भरून आल्याची खूण असू शकते. तसं नसूही शकतं. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं. तिनं कागदाची घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

घरी जयलक्ष्मी नव्हती, दाजीबानपेठेत कापड घ्यायला गेली होती. खालचा दुरुस्तीवालाही जेवायला गेलेला. अक्का आत जाऊन पडली. मी गॅलरीत बसलो.

“शेषू, आज आत बस.”

“इथं बरं आहे, अक्का. वारा आहे.”

“मळमड्डीला रोज बसायचास.”

मी उठून दारात गेलो. दाराला सुती पडदा आहे. तो बाजूला धरून मी उभा राहिलो. एवढ्या महिन्यांत जे बोललो नव्हतो ते बोललो.

“तो मी नव्हतो. फक्त शेवटचे तीन दिवस होतो. त्याच्या आधी खुर्चीत कुणी नसायचं.”

तिला धक्का बसला नाही. ती छताकडं बघत होती.

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “तुझ्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून यायचा, पेपरचाही. एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असशील? पण तू ‘मीच’ म्हणालास, तेव्हा मला कुणाची तरी सोबत आहे असं वाटलं. तुझी. माझ्यासाठी तू खोटं बोललास, तीच सोबत.” तिनं पलंगाच्या कडेवर हात ठेवला. “आज मला भीती वाटते. ये.”

मी गेलो. खोलीत खुर्ची नव्हती, पलंगाशेजारी जमिनीवर बसलो. तिनं माझं मनगट धरलं. दहा मिनिटांत तिला झोप लागली. पकड सैल झाली नाही.

मी तोंड मिटून घेतलं. मग ओठ जरासे उघडून श्वास बाहेर सोडला, सावकाश, दवाखान्यात तिला शिकवला होता तसा. पुन्हा सोडला. माझ्या हातात एवढंच आहे, असं ठरवलं. तिची छाती वरखाली होत होती. एक बाजू थोडी कमी.

जरा वेळानं माझं लक्ष दाराकडं गेलं. पडदा आत फुगला होता, आमच्या दिशेनं, आणि तसाच फुगलेला राहिला होता. वारा असेल म्हणून मी पलीकडं पाहिलं. गॅलरीतल्या दोरीवर जयलक्ष्मीच्या दोन साड्या वाळत होत्या. त्या सरळ लोंबत होत्या. एकीचाही काठ हलत नव्हता.

मी अक्काचा हात दोन्ही हातांत घेतला आणि श्वास बाहेर सोडत राहिलो.